पेटीतली करणी

अनेकांतच्या विहिरीवर एवढी माणसं याआधी एकदाच जमली होती, गव्याचं पिल्लू आत पडलं तेव्हा. या वेळी आत काही पडलेलं नव्हतं. उलट आतलं पाणीच वर यायचं बंद झालं होतं. मे महिन्याचं ऊन, बायका पदर डोक्यावर घेऊन बांधावर बसलेल्या, पुरुषमंडळी चपला काढून पाय भाजून घेत उभी, आणि पंपाच्या खोलीच्या दारात शक्तिनाथ महाराज. अंगावर भगवी कफनी, हातात भंडाऱ्यानं माखलेली मुठीएवढी कापडी पिशवी.

"तुमच्या शिवाराचा न्यूट्रल तुटलाय," महाराज म्हणाले.

"व्हय महाराज," गर्दी म्हणाली.

"फेज हाय, पण पितरांचं अर्थिंग न्हाय. मग निगेटिव्ह शक्तीनं जायचं कुठं? पेटीतच बसणार की. कुणी बसवली, ते मागंच सांगितलंय, आज ती काढतो. पण आधी हातातली घड्याळं आन् मोबाईल लांब ठेवा. देवाला रेंज लागंना झालीय."

साठ-सत्तर माणसांनी निमूटपणे मोबाईल एका घमेल्यात ठेवले. त्यांत माझा चुलतभाऊ अनेकांत सगळ्यांत पुढं होता. हा बी.एस्सी. ॲग्री झालेला गृहस्थ. माती परीक्षणावर गावात भाषणं देतो, आणि महाराजांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता.

महाराज आत गेले. भिंतीवरच्या स्टार्टरच्या पेटीला त्यांनी ती पिशवी टेकवली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. पेटीवरचा लाल दिवा गेला, हिरवा लागला, मोटार घुमली आणि पाइपातून भळाळा पाणी आलं. एका म्हातारीनं पाइपालाच वाकून नमस्कार केला. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या अनुजानं नमस्कार केला नाही. ती महाराजांच्या पिशवीकडं बघत होती.

अनुजा म्हणजे माझी बायको. कोल्हापुरात पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. मी गोमटेश, शाहूपुरीत राहतो, शाळेत मराठी शिकवतो, आणि घरातली ट्यूबलाइटसुद्धा तिला विचारून बदलतो. कागलच्या पुढं नदीकाठाला करडेवाडी हे आमचं मूळ गाव. तिथली आमच्या वाटणीची जमीन अनेकांत कसतो. "दादा, वैनीला घेऊन ये, गावात आक्रीत झालंय," असा त्याचा फोन आला म्हणून आम्ही गेलो होतो.

आक्रीत असं. गेल्या वर्षी अक्षय्य तृतीयेला सगळ्या गावानं मिळून पंपाच्या 'ऑटो'च्या पेट्या घेतल्या. ही पेटी लाईट आली की मोटार आपोआप चालू करते आणि विजेच्या तीन फेजपैकी एखादा गेला की बंद करते, म्हणजे माणसाला वेळी-अवेळी रानात धावावं लागत नाही. कागलजवळ अमरेश नावाचा माणूस आपल्या छोट्या कारखान्यात त्या बनवतो. ट्रॉलीला फुलांच्या माळा बांधून पेट्या आणल्या, हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडले आणि मुहूर्तावर सगळ्यांनी एकदमच खटका दाबला. वर्षभर पेट्या झकास चालल्या. आणि यंदा मे महिन्यात एका दिवशी सकाळी गावातल्या सगळ्या पेट्यांचा दिवा लाल झाला तो लालच राहिला.

दुरुस्तीवाले आले. त्यांनी पेट्या उघडल्या, तर आत काही जळलेलं नाही, तुटलेलं नाही. शाहूपुरीतल्या एका कारागिरानं आतल्या मुख्य चिपला कॉम्प्युटर जोडला, तर चिप एक अक्षर दाखवेना. "कॉम्प्युटरनं पण हात टेकलं," हे वाक्य गावभर झालं. एकानं पेटी वगळून मोटार डायरेक्ट जोडली. दुपारी एक फेज गेला आणि मोटार जळून गेली. फेज गेल्यावर मोटार वाचवायला जी पेटी लावली होती तीच काढून टाकल्यावर दुसरं काय होणार? पण गावानं त्यातून कोप झाल्याचा अर्थ काढला.

अमरेशला बोलावलं. तो हळहळला. "एका पेटीत दोष असंल, एवढ्या पेट्या एकाच दिवशी कशा बिघडतील, तुम्हीच सांगा," तो म्हणाला. "हे मशीनचं काम न्हाई. चंदगडकडं एक महाराज आहेत, त्यांना दाखवून बघा." दुकानदारानं आपल्या मालाच्या तक्रारीसाठी महाराजांचा पत्ता द्यावा आणि गिऱ्हाइकानं तो आभार मानून घ्यावा, हे मी तरी पहिल्यांदाच ऐकलं.

महाराज रोज मोजक्याच पेट्यांवरची बाधा उतरवत. दक्षिणा ज्याच्या त्याच्या इच्छेनुसार, फक्त ती इच्छा किती असावी हे शिष्य आधी सांगून ठेवत. आणि हा उतारा एक महिनाच टिकणार, असंही ते सांगून ठेवत. पुढच्या महिन्यात पुन्हा.

इथवर हसण्यावारी नेता आलं असतं. पण गर्दीतल्या कुणीतरी एक चांगला प्रश्न विचारला होता, आणि चुकीच्या माणसाला विचारला होता. प्रश्न असा, की सगळ्यांच्या पेट्या बंद असताना रत्नव्वाची पेटी कशी चालू आहे?

रत्नव्वा ही आमच्या शेजारच्या मळ्यातली विधवा बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, लेक दानेश्वरी निपाणीला दिलेली. दोन म्हशी, थोडा ऊस आणि तोंडानं फटकळ. गावात तिच्याशी भांडून जिंकलेलं कुणी नाही. पेटी तिचीही तीच, अमरेशकडचीच. ती मात्र चालू होती, आणि तिचा ऊस हिरवागार उभा होता.

त्या प्रश्नावर महाराज क्षणभर अडखळले असावेत. मग त्यांनी विचारलं, "पेटी कवा घेतली तिनं?" कुणीतरी सांगितलं, अक्षय्य तृतीयेनंतर दोन आठवड्यांनी, शनिवारी. महाराजांनी कानाला हात लावले. "शनिवारी लोखंड? मुहूर्त सोडून? मग अजून काय पुरावा पायजे तुमास्नी? गावाचं पाणी बांधून तिनं सोताचं सोडलंय. करणी हाय ही."

त्या दिवसापासून दूध संस्थेत रत्नव्वाचं दूध घेणं बंद झालं. पिठाच्या गिरणीत तिचा डबा तसाच पडून राहिला. दानेश्वरीच्या सासरी कुणीतरी फोन केला. आणि महाराजांनी निकाल दिला, की येत्या सोमवारी मारुतीच्या पारावर तिनं सगळ्यांसमोर करणी कबूल करायची, नाहीतर गाव सोडायचं.

आम्ही तिच्याकडं गेलो तेव्हा ती गोठ्यात धार काढत होती. दूध विकायचं नसलं तरी म्हशीला ते सांगता येत नाही. दोन घागरी भरून दूध ओसरीवर ठेवलं होतं आणि त्याला आंबूस वास यायला लागला होता.

"या की पावणं," ती म्हणाली. "चेटकिणीच्या घरात च्या चालतो न्हवं?"

"काकू, शनिवारीच का घेतली पेटी?" अनुजानं विचारलं.

"यव्वा, तू बी तेच इचार. अक्षय्य तृतीयेला कारखान्यात ही गर्दी. मी म्हणलं, उगं कशाला ढकलाढकली करून घ्यायची. पुढं शनिवारी बाजारला गेलतो, तवा जाता जाता घेतली. वायरमन संगंच हुता. दुपारच्या च्याच्या टायमाला चालू बी केली. लोखंडाला काय वार कळतोय व्हय?"

"लोखंडाला नाही कळत," अनुजा म्हणाली. "पण या पेटीला कळत असावा."

अनेकांतच्या दुसऱ्या विहिरीवरची पेटी अजून बंदच होती. ती त्यानं नाइलाजानं काढून दिली. रत्नव्वाच्या ओसरीवर अनुजानं ती उघडली. मी आणि अनेकांत शहाण्यासारखा चेहरा करून बघत बसलो. तिनं बोटानं दोन जागा दाखवल्या. एक होता मनगटी घड्याळात असतो तसला गोल सेल. म्हणजे लाईट असो-नसो, पेटी आतल्या आत तारीख-वेळ मोजत होती. दुसरा, पुढच्या प्लॅस्टिकच्या झाकणाला चिकटून बसवलेला तीन पायांचा एक बारकासा काळा तुकडा.

"हा लोहचुंबक जवळ आला की चिपला कळवतो," ती म्हणाली. "पंपाच्या स्टार्टरला चुंबक ओळखायची काय गरज आहे, भावजी?"

"असंल काहीतरी सेफ्टीसाठी," अनेकांत म्हणाला.

मग तिनं लॅपटॉप जोडला. चिपनं आतलं काही दाखवायला साफ नकार दिला. अनेकांतला केवढा आनंद झाला. "बघ, मी म्हणलं नव्हतं? आत कोणतरी हाय."

"आत अमरेशचं कुलूप आहे," अनुजा म्हणाली, आणि वर्गात शिकवते तसं सावकाश सांगू लागली. या चिपमध्ये फ्लॅश नावाची स्मृती असते. लाईट गेली तरी तिच्यात लिहिलेलं जात नाही. पंपानं कधी चालायचं, कधी थांबायचं, हे सगळं तिथं लिहिलेलं. कुणी नक्कल करू नये म्हणून बनवणारा तिला कुलूप घालतो. चिप लिहिल्याप्रमाणे काम करते, पण काय लिहिलंय ते वाचू देत नाही. त्यात वावगं काही नाही, जगभर असंच करतात. "कुलूप मला आत्ता काढता येईल. पण कुलूप काढलं की ही चिप आधी आतलं सगळं स्वतःच पुसून टाकते आणि मग उघडते. हाती येते कोरी पाटी."

"मग पूस की," मी म्हणालो. "आणि तुझा प्रोग्राम भर. गावाचं पाणी सुरू."

"सगळ्या पेट्या पुसल्या, तर अमरेशनं आत काय लिहिलं होतं त्याचा पुरावाही पुसला जाईल. पंप चालतील, महाराज म्हणतील माझ्या उताऱ्यानं चालले, आणि काकू चेटकीणच राहतील. न पुसता ठेवल्या, तर लोकांचा ऊस वाळेल."

यावर तोड सुचली ती रत्नव्वाला.  

"तू लोकांच्या पुस," ती म्हणाली. "ऊस वाळाय लागलाय पोरी, मला बघवंना. त्यांची चालू कर. माझी तेवढी ऱ्हाऊ दे. तिला हात लावू नको."

ज्यांनी तिचं दूध नासवलं, त्यांच्याच उसाची काळजी ती करत होती. हे ऐकून मला आमच्या गावाची लाज वाटली आणि अनेकांत उठून पेटीचे सुटे स्क्रू गोळा करू लागला.

अनुजानं कोल्हापूरला जाऊन प्रोग्राम लिहून, तपासून आणला. तिन्ही फेज ठीक असतील तर मोटार चालू, नाहीतर बंद. तारखेचा संबंध नाही, चुंबकाचा नाही. अनेकांतच्या पेटीचं कुलूप काढलं, चिप पुसली. पेटीचा एकही दिवा लागेना तेव्हा त्याचा चेहरा उतरला. मग नवा प्रोग्राम भरला, लिहिलेलं जसंच्या तसं उतरलंय की नाही ते पुन्हा वाचून ताडून पाहिलं, आणि पेटी विहिरीवर नेऊन लावली. पाणी आलं. भंडारा नाही, पुटपुटणं नाही, डोळे मिटणं नाही.

अनेकांतनं ओंजळ भरून पाणी तोंडावर मारलं आणि म्हणाला, "महाराजांची कृपा थोडी शिल्लक ऱ्हायली असंल आत."

मी त्याला विहिरीत ढकललं नाही, कारण मला पोहता येत नाही आणि त्याला वर काढायला कुणी नव्हतं.

पाण्याची नड असलेले आठ-दहा जण तरी पेट्या घेऊन आलेच. उघडपणे नाही, पोत्यात घालून, महाराजांना कळू नये म्हणून. सगळ्या चालू झाल्या आणि सगळ्यांचं म्हणणं अनेकांतसारखंच पडलं. तेव्हा अनुजा पोलीस पाटील विजयसिंह यांच्याकडं गेली. मिशीला ताव देत सगळ्या बाजूंचं ऐकून घेणारे आणि कुठल्याच बाजूला न झुकणारे असे हे पाटील. त्यांच्यासमोर, दूध संस्थेच्या दारात, सकाळी दूध घालायला आलेल्या गर्दीला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली:

"रत्नव्वा काकूंची पेटी येत्या रविवारी दुपारी चहाच्या वेळेला बंद पडणार. आपोआप. तुमच्या सगळ्या पेट्या एका दिवशी बंद पडल्या, कारण तुम्ही सगळ्यांनी त्या एका मुहूर्तावर चालू केल्या. पेटीत एक वर्षाची मुदत घातलेली आहे. काकूंनी दोन आठवड्यांनी चालू केली, तिची मुदत दोन आठवड्यांनी भरते. बघायला या."

"आन् न्हाई पडली तर?" कुणीतरी विचारलं.

"तर सोमवारी पारावर काकूंच्या शेजारी मी पण उभी राहते."

मी तिच्याकडं बघितलं. हे मला घरी काही सांगितलेलं नव्हतं.

रविवारी रत्नव्वाच्या विहिरीवर सगळं गाव. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री येते; त्या आठवड्यात ती दिवसाची होती, पंप सुरू होता. महाराजही शिष्यांसह हजर, कारण न येणं त्यांना परवडलं नसतं. चहाची वेळ झाली. पाणी पडतच होतं. शिष्यांपैकी कुणीतरी फिदीफिदी हसलं. अनुजा सारखी घड्याळ बघत होती. रत्नव्वा मात्र विळा घेऊन म्हशींसाठी बांधावरचं गवत कापत होती, जणू दुसऱ्याच कुणाचा निकाल लागायचा होता.

मोटारीचा आवाज एकदम तुटला. पाइपातली धार बारीक झाली आणि थांबली. पेटीवर लाल दिवा.

कुणी काही बोलायच्या आत महाराज पुढं सरसावले. याची तयारी त्यांनी करून ठेवली असणार. "पाडलं," ते गरजले. "तीन दिवस अनुष्ठानाला बसलो होतो. हिची विद्या आज पाडली."

आणि गर्दीत चक्क 'व्हय व्हय' सुरू झालं. माणसाला एकदा मान डोलवायची सवय लागली की ती मान कुणाच्याही बाजूनं डोलते.

अनुजानं पिशवीतून जुन्या स्पीकरमधलं काळं गोल चुंबक काढलं आणि रत्नव्वाच्या हातात दिलं. "काकू, पेटीच्या झाकणाला लावा. या बाजूला."

रत्नव्वानं लावलं. लाल दिवा गेला, हिरवा लागला, मोटार घुमली, पाणी आलं. मंत्र म्हणायचा राहिला म्हणून की काय, ती म्हणाली, "च्या पिऊन घ्या रं सगळी."

 चेटकीण म्हणून जिला ठरवलं, तिनं महाराजांचा चमत्कार स्पीकरच्या तुकड्यानं करून दाखवला होता. महाराज निघायच्या बेतात होते, पण रत्नव्वा त्यांच्या वाटेत आली. तिनं हातातला विळा पुढं केला. मारायला नव्हे, नुसता त्या भंडाऱ्याच्या पिशवीजवळ नेला. विळा टपकन पिशवीला चिकटला. महाराजांनी पिशवी ओढली, रत्नव्वानं विळा ओढला, आणि त्या ओढाताणीत शिवण उसवून आतून चकचकीत चुंबक खाली पडलं. शिष्यांनी घेतली नसेल एवढी धाव महाराजांनी घेतली, पण बांधावर नवं पाणी सुटलं होतं, त्यात घसरून ते चिखलात बसले. मोबाईल आणि घड्याळं लांब का ठेवायला लावत होते तेही तेव्हा लोकांना उमगलं. कुणाचं घड्याळ पिशवीला चिकटलं असतं, तर देवाची पंचाईत झाली असती.

पोलीस पाटलांना आता एका बाजूला झुकणं भाग होतं. त्यांनी ठाण्यात फोन लावला, आणि अनुजाच्या सांगण्यावरून रत्नव्वाची पेटी तशीच्या तशी सीलबंद करून दिली. ज्या बाईवर आळ होता तिचीच पेटी, सगळ्यांसमोर मुदत भरून थांबलेली आणि आत अमरेशचं मूळ लिखाण शाबूत असलेली, आता पुरावा झाली. पुढं सगळं बाहेर आलं. शक्तिनाथ महाराज म्हणजे गुंडू, अमरेशच्या बायकोचा भाऊ. वर्ष भरलं की पेटी थांबावी आणि गिऱ्हाइकानं दुरुस्तीला पुन्हा आपल्याकडंच यावं, म्हणून अमरेशनं ती मुदत घातली. चुंबक लावलं की आणखी एक महिना, ही सोय त्यानं स्वतःच्या माणसांसाठी ठेवली होती. पण सगळं गाव एकाच दिवशी थांबलं आणि लोक भुताचं बोलू लागले, तेव्हा मेव्हण्यानं त्याला समजावलं, की दुरुस्तीपेक्षा उतारा जास्त चालतो. फसवणुकीबरोबर जादूटोणाविरोधी कायद्याचंही कलम लागलं.

पण हे नंतरचं. त्या रविवारी गुंडूला जीपमध्ये घातल्यावर लोक रत्नव्वाभोवती जमले. सगळ्यांना एकदम मोठं मन झालं होतं. दूध संस्थेचा चेअरमन म्हणाला, "रत्नव्वा, झालं गेलं सोडून दे. तुझी पेटी बी बंद पडली, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडली. तू निर्दोष हाईस, हे सिद्ध झालं. उद्यापास्नं दूध घाल."

रत्नव्वानं विळा पदराला पुसला.

"माझी बी बंद पडली म्हणून मी चांगली व्हय?" ती म्हणाली. "आन् ह्या पोरीचा हिशेब चुकला असता, पंप चालूच ऱ्हायला असता, तर उद्या मला गावाभाईर काढलं असतं की तुमी. खरं सांगा, काढलं असतं का न्हाई?"

चेअरमन डोक्यावरची टोपी सारखी करू लागला. अनेकांत आपल्या चपला शोधू लागला. उत्तर मलाही माहीत होतं. ती गवताचा भारा उचलून गोठ्याकडं निघून गेली.

वाचकहो, चिपमधलं कुलूप कसं असतं हे प्रत्येकाला कळायलाच पाहिजे असं नाही. मलाही अर्धंच कळलंय. जगात न उमगणाऱ्या गोष्टी भरपूर आहेत आणि उद्याही असतील. अशी एखादी समोर आली तर तपासा, विचारा, जाणत्या माणसाला गाठा. तोवर 'मला कळत नाही' एवढंच म्हणा. हे तीन शब्द म्हटल्यानं आजवर कुणाची विहीर आटलेली नाही. न म्हटल्यामुळं मात्र माणसं घराबाहेर काढली गेली आहेत.